भोरचं पान

उकिडवेकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते क्रिकेटच्या बॅटने एका पुस्तकाला मारत होते.

सिडनीच्या क्वेकर्स हिल भागात राहायला येऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते आणि पत्र्याच्या कुंपणापलीकडून धप्प धप्प आवाज येत होता. कोणीतरी गालिचा झटकत असेल असं वाटलं. टाचा उंचावून पाहिलं तर सत्तरीचा एक उघडाबंब म्हातारा, हाफ पँट, हातात बॅट आणि समोर गवतावर उताणा पडलेला जाडजूड ग्रंथ. प्रत्येक फटक्याला एक शिवी. शिव्या अस्सल मराठी होत्या, त्यामुळे शेजारी आपलीच माणसं आहेत एवढं कळलं.

"काका, साप आहे का?" मी ओरडून विचारलं.

"भोर नाहीये!" ते त्याहून मोठ्याने ओरडले.

मग बॅट टेकवून, धापा टाकत त्यांनी सांगितलं. पोस्टाच्या तिकिटांचा जगभराचा छापील अल्बम त्यांनी परदेशातून मागवला होता. अशा अल्बममध्ये प्रत्येक देशाचं पान असतं, पानावर चौकोन छापलेले असतात आणि कुठल्या चौकोनात कुठलं तिकीट बसवायचं तेही छापलेलं असतं. "मोनॅको आहे. सॅन मारिनो आहे. आणि ज्या भोर संस्थानाची स्वतःची तिकिटं होती, ज्याच्या टपालात माझे पणजोबा कारकून होते, त्याला अर्धं पानसुद्धा नाही! जगाचा अल्बम म्हणे!" असं म्हणून त्यांनी आणखी दोन फटके घातले. बांधणी उसवली आणि आशिया खंड गवतभर पसरला.

आतून काकूंचा शांत आवाज आला. "संपलं का? चहा ठेवलाय."

रागीट माणूस रागीट माणसाला लांबूनच ओळखतो. मी ऑफिसात दोन फोन भिंतीवर फोडलेत, नवऱ्याचा लॅपटॉप एकदा सिंकमध्ये घातलाय. त्यामुळे हा म्हातारा मला पहिल्याच दिवशी आवडला. 'तापट आहे हो, पण मनाने चांगला' हे वाक्य मात्र मी त्यांच्याबद्दल कधीच बोलले नाही. ज्यांना मार बसलेला नसतो तेच असलं बोलतात. मागच्या हिवाळ्यात काका गेले, तेव्हा फोनवर चार जणांनी मला हेच वाक्य ऐकवलं आणि चारही वेळा मी फोन ठेवून दिला.

काका मूळचे भोरचे. पुण्याला कारखान्यात टूलरूममध्ये होते, तिथून तीस वर्षांपूर्वी बायको आणि दहा वर्षांच्या मुलाला घेऊन सिडनीला आले. हात प्रचंड, बोटं जाड, आणि त्या बोटांत चिमटा धरून नखाएवढं तिकीट उचलायचे तेव्हा ते श्वास रोखायचे. बघणाऱ्यानेही रोखायचा. मी एकदा शिंकले तर पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कोणालाही 'गाढवा' म्हणायचे, मला 'गाढवे'. गाडी चालवायचं लायसन्स त्यांचं गेलेलं होतं, कारण एका राउंडअबाउटवर उतरून त्यांनी पुढच्या गाडीचा आरसा उपटून तिच्या ड्रायव्हरच्याच मांडीवर ठेवला होता. त्यामुळे शनिवारी त्यांना तिकिटांच्या क्लबला नेण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

त्यांच्या जुन्या अल्बमची पुरवणी हा घरचा सण होता. दरवर्षी जानेवारीत नवी पानं यायची. दिवसभर जेवणाच्या टेबलावर जग मांडलेलं, आणि स्वयंपाकघरात काकू उभ्याने जेवतायत. काकांचे बाइंडर जुन्या पद्धतीचे, पाठीत पोलादी स्प्रिंग असलेले. ते उघडायचे म्हणजे दोन्ही कव्हरं धरून बाइंडर हनुवटीपर्यंत उचलायचा, कोपरं फाकवायची आणि कव्हरं उलटी मागे मोडायची, की स्प्रिंगचा जबडा उघडून पानं सुटतात. हात सटकला तर जबडा बोटावर मिटतो. काकांच्या डाव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं होतं.

"हे बघ," एकदा युगोस्लाव्हियाचं पान काढताना ते मला म्हणाले, "इथे एक देश होता. आता सात झाले. हा सुदान, ह्याचे दोन झाले. तुम्ही लोक बातम्या बघून हळहळता. मी पानं मोजतो. रक्त सांडल्याशिवाय पान बदलत नाही, गाढवे, लिहून ठेव."

"आणि बदललेल्या पानाचं काय करता?"

"फेकतो. मेलेल्या देशाचं पान कशाला?" असं म्हणून त्यांनी ते दोन्ही हातांनी फाडलं. एकदाच नाही, तुकडे होईपर्यंत.

क्लबमधली गोष्ट सांगायलाच हवी. तिथे केव्हिन नावाचा एक निवृत्त प्लंबर यायचा. छापील अल्बमशी काकांचं बिनसल्यावर त्याने त्यांना पारदर्शक प्लॅस्टिकच्या खिशांची पानं सुचवली. तिकीट नुसतं आत सरकवायचं, गोंद नको, काही नको. काकांनी महिनाभर खपून ब्रिटिश वसाहतींची सगळी तिकिटं त्या खिशांत घातली आणि बाइंडर गॅरेजात ठेवले. इथला फेब्रुवारी तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, आमच्या गॅरेजात त्या महिन्यात मेणबत्त्या वाकल्या होत्या. मऊ प्लॅस्टिक उन्हाने पाझरलं, तेलकट झालं आणि त्याने तिकिटांची शाई ओढून घेतली. काकांनी एक खिसा उघडला तर राणीचा चेहरा प्लॅस्टिकला आणि नुसता कागद हातात.

त्या शनिवारी गाडीत त्यांनी ते पान मांडीवर उघडं धरून ठेवलं होतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. क्लबच्या हॉलमध्ये शिरल्याबरोबर त्यांनी ते पान केव्हिनसमोर धरलं. केव्हिनने चष्मा वर केला आणि म्हणाला, "ओह मेट. कुठेतरी थंड जागी ठेवायचं होतंस ना."

काकांनी त्याची कॉलर धरून त्याला चहाच्या टेबलावर दाबलं. टेबल कलंडलं. उकळत्या पाण्याचं भांडं केव्हिनच्या हातावर उपडं झालं. तो ओरडला तसं माणूस ओरडलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मी काकांचा शर्ट मागून ओढला, तो टरकन फाटून माझ्या हातात आला आणि काका तसेच उघडे, मूठ उगारलेली. चार म्हाताऱ्यांनी मिळून त्यांना भिंतीशी दाबून धरलं तेव्हा कुठे ती मूठ खाली आली. केव्हिनच्या मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी निघाली होती.

पोलीस आले. क्लबने काकांना कायमचं काढून टाकलं. केव्हिनने तक्रार पुढे नेली नाही, का ते मला आजतागायत माहीत नाही. काका त्याची माफी मागायला गेले नाहीत. पण दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते आपल्याकडे दोन-दोन असलेल्या तिकिटांतली चांगली निवडून एका पाकिटात घालायचे, केव्हिनचा पत्ता लिहायचे आणि पोस्टात टाकायचे. आत चिठ्ठी नाही, काही नाही. 'सॉरी' हा शब्द त्या माणसाच्या तोंडात बसतच नव्हता.

"मंदारलाही असंच पाठवतात," काकू एकदा म्हणाल्या. आम्ही हॅरिस पार्कला चकलीची भाजणी आणायला गेलो होतो आणि मिठाईच्या दुकानात चहा घेत बसलो होतो. मंदार म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. सतराव्या वर्षी अ‍ॅडलेडच्या युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, गेला तो तिकडचाच झाला. आता तिथेच शिकवतो, मॉसन लेक्सला राहतो. "दर वाढदिवसाला पाकीट जातं आणि न उघडता परत येतं. वीस वर्षं."

मग त्यांनी ते सांगितलं. आवाज न वाढवता, चहाचा कप दोन्ही हातांत धरून.

पुण्यात असताना काकांच्या अल्बममध्येही भोरचं पान नव्हतं. म्हणून त्यांनी स्वतः पट्टी आणि ड्रॉइंगचं पेन घेऊन एक आखलं. वर सुंदर अक्षरांत 'भोर संस्थान', खाली सहा चौकोन. तिकिटं दुर्मीळ, ती काही मिळेनात. रोज संध्याकाळी ते पान उघडायचं, रिकाम्या चौकोनांकडे बघायचं आणि उसासे टाकायचे. मंदार तेव्हा सात वर्षांचा. बाबांना वाईट वाटतं म्हणून त्याने एका दुपारी स्वयंपाकघरात कणकेची खळ केली आणि जी तिकिटं हाताला लागली ती सहाही चौकोनांत चिकटवून टाकली. क्यूबा, हंगेरी, भूतान. दोन उलटी. आणि बाबा कामावरून यायची वाट बघत दारात उभा राहिला.

"ह्यांनी ते पान पाहिलं," काकू म्हणाल्या, "आणि त्याच बाइंडरने त्याच्या कानाखाली मारलं. लोखंडी पाठीच्या बाजूने. पोर दारापासून माझ्या पायापर्यंत आलं. कानातून रक्त. डॉक्टरांना आम्ही सांगितलं, जिन्यावरून पडला. मेधा, आम्ही तळमजल्यावर राहत होतो."

मंदारचा डावा कान तेव्हा गेला तो गेलाच. घरी आले तर कुंपणापलीकडून काका ओरडले, "गाढवे, चकल्यांना मोहन कमी पडू देऊ नका!" मी आत जाऊन दार लावून घेतलं. त्यानंतर महिनाभर मी त्यांच्याकडे पाऊल टाकलं नाही.

पुन्हा मी गेले ती मंदार येतोय म्हणून. त्याला मुलगी आहे, अन्वी, तेव्हा आठ वर्षांची. आजोबांनी तिला फोटोतच पाहिलेलं. तिनेच शाळेच्या सुट्टीत 'सिडनीवाल्या आजीआजोबां'कडे जायचा हट्ट धरला आणि मंदार चार दिवसांसाठी तयार झाला. त्याचा मेसेज काकूंनी मला वाचून दाखवला: अल्बम घरात दिसता कामा नयेत. बाबा आणि अन्वी एकटे असता कामा नयेत. एकदा जरी आवाज चढला तर आम्ही पुढच्या फ्लाइटने परत, आणि मग कधीच नाही.

काकांनी बाइंडर स्वतः उचलून गॅरेजात नेले आणि कुलूप घातलं. किल्ली काकूंना दिली. मग माझ्याकडे आले. "गाढवे, त्या चार दिवसांत आमच्याकडे ये. तुझा आवाज मोठा आहे. माझा हात हलला तर ओरड."

"आणि ओरडून नाही थांबलात तर?"

"तर बॅट कुठे आहे तुला माहितेय."

त्याआधी दोन महिने ते अन्वीसाठी अल्बम निवडत होते. छापील की कोरा? चौकोनांचा की तिकिटं नुसती सरकवायच्या पट्ट्यांचा? माझ्या डायनिंग टेबलावर कॅटलॉग पसरायचे, एक पक्का करायचे आणि सकाळी येऊन तोच फाडायचे. शेवटी मला म्हणाले, शाळेच्या सामानाच्या दुकानात चल. तिथे त्यांनी कोऱ्या पानांची एक साधी जाड वही घेतली. मग गोंदाच्या कांड्या लावलेल्या होत्या त्या फळीसमोर येऊन थांबले. तिकिटं जमवणाऱ्याला गोंदाची कांडी म्हणजे विषाची पुडी. एकदा चिकटलेलं तिकीट मेलं. त्यांचा हात दोनदा पुढे गेला आणि दोनदा मागे आला. तिसऱ्या वेळी त्यांनी चार कांड्या उचलल्या.

"हवं ते हवं तिथे चिकटवू दे तिला," ते म्हणाले. काउंटरपाशी त्यांच्या कपाळावर घाम होता.

पहिले दोन दिवस बरे गेले. मंदार वडिलांशी "हो", "नाही", "नो वरीज" एवढंच बोलायचा. नेहमी त्यांच्या डावीकडे बसायचा, म्हणजे चांगला कान त्यांच्या बाजूला येईल असा. अन्वी मात्र मोकळी होती. तिसऱ्या दिवशी तिने विचारलंच, "आजोबा, व्हॉट्स इन द गॅरेज?" काकांनी मंदारकडे पाहिलं. मंदार म्हणाला, "फाइन. पण मी इथेच आहे."

दुपारभर टेबलावर जग पुन्हा मांडलं गेलं. वही आली, कांड्या आल्या. मंदार सोफ्यावर बसून सगळं बघत होता, एकदाही फोनला हात न लावता. मग चारच्या सुमारास त्याला युनीतून फोन आला आणि तो घ्यायला तो मागच्या अंगणात गेला. मी स्वयंपाकघरात थालीपिठं थापत होते. ओट्यावरून मला टेबल सरळ दिसत होतं.

अन्वीने एका पानावर सगळे पक्षी चिकटवले होते, दुसऱ्यावर सगळ्या राण्या. कांडी पानभर फासलेली. प्रत्येक तिकिटाला काकांचा चेहरा आवळायचा आणि प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "छान. अजून चिकटव." ती खिदळत होती.

मग ते म्हणाले, "थांब. माझ्याकडेही एक असं पान आहे. तुला दाखवतो." सगळ्यात जुना बाइंडर त्यांनी घेतला आणि तिच्या खुर्चीमागे उभं राहून, टेबलावर जागा नव्हती म्हणून, हनुवटीपर्यंत उचलला. कोपरं फाकवली. स्प्रिंग जुनी, घट्ट. त्यांचे दात आवळले गेले, मानेच्या शिरा फुगल्या.

त्याच क्षणी मंदार मागच्या दारातून आत आला.

त्याला काय दिसलं ते मला दिसत होतं. पोरीसमोर गोंदाने बरबटलेली तिकिटं आणि तिच्या डोक्यावर तोच बाइंडर उगारलेला तोच माणूस. मी ओरडले. जीव खाऊन ओरडले, "मंदार, नाही! पान काढतायत ते!" पण मी त्याच्या डाव्या बाजूला होते.

पहिला ठोसा नाकावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ओट्यापाशी ऐकला. काका भिंतीवर आपटले, खाली घसरले, आणि मंदारने त्यांच्या छातीवर गुडघा ठेवून दुसरा मारला, मग तिसरा. तो रडत होता आणि मारत होता. काकांनी हात वर केले नाहीत. केव्हिनला टेबलावर दाबणारे ते हात जमिनीवर उताणे पडले होते. मी मंदारच्या कमरेला मिठी मारून ओढत होते, काकू दारात थिजल्या होत्या.

"स्टॉप इट, डॅड!" अन्वी किंचाळली. "ही वॉज जस्ट गेटिंग मी अ पेज!"

मंदार थांबला. बाइंडर पडताना उघडला होता आणि पानं फरशीवर पसरली होती. सगळ्यात वरचं पान पिवळं पडलेलं. वर सुंदर अक्षरांत 'भोर संस्थान'. सहा चौकोन, त्यांत क्यूबा, हंगेरी, भूतान, दोन उलटी. खळ वाळून तपकिरी झालेली, आणि आता त्यावर काकांच्या नाकातलं ताजं रक्त.

मेलेल्या देशाची पानं फाडून फेकणाऱ्या माणसाने हे पान पुण्याहून सिडनीला आणलं होतं. किती अल्बम बदलले, किती पुरवण्या घातल्या, आणि दरवेळी हे पुन्हा पहिलं लावलं होतं. काकूंनाही ते माहीत नव्हतं.

मंदारने पान उचललं. मग म्हणाला, "गाडीची किल्ली दे, मेधा." पण मी ती दिली नाही, गाडी मीच चालवली.

इमर्जन्सीत नर्सने विचारलं, कसं झालं? काका तोंडावर टॉवेल धरून म्हणाले, "जिन्यावरून पडलो."

"नाही," मंदार म्हणाला. "मी मारलं." आणि मग वडिलांकडे वळून, मराठीत, "घराला जिना नाहीये, बाबा."

टॉवेलमागे काकांचं तोंड हललं. पुण्यातल्या त्या दवाखान्यानंतर इतक्या वर्षांनी, त्यांच्या तोंडात कधी न बसलेला तो शब्द मी ऐकला, पण तो माझ्यासाठी नव्हता. त्यांनी तो पुन्हा म्हटला, ह्या वेळी मंदारचा चांगला कान ओढून, जवळ घेऊन.

त्यातून सगळं गोड झालं असं कोणी समजू नये. मंदार दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे परत गेला. अन्वी वही घेऊन गेली आणि भोरचं पान मंदारच्या बॅगेत गेलं, रक्तासकट. सहा महिन्यांनी काका-काकूंनी इथलं घर विकलं आणि तेही मॉसन लेक्सला गेले. मंदारच्या घरात नाही, दहा मिनिटं चालत जावं लागेल एवढ्या अंतरावर. तेवढंच जमलं.

मी काकांना शेवटचं पाहिलं ते ते निघाले त्या सकाळी. सामानाचा ट्रक गेला होता. काका ड्राइव्हवेवर मांडीवर एक बाइंडर घेऊन बसले होते, आणि उन्हात त्यांचं नाक उजवीकडे गेलेलं स्पष्ट दिसत होतं. डॉक्टरांनी ते सरळ करून देतो म्हणून दोनदा बोलावलं होतं.

"काका, अ‍ॅडलेडला तरी करून घ्या," मी म्हटलं. "छोटंसं ऑपरेशन आहे. श्वासालाही बरं."

त्यांनी नाकावरून बोट फिरवलं, वाकडं जिथे होतं तिथे थांबले.

"मंदारचा कान आला का परत?" ते म्हणाले. "मग हेही असू दे, गाढवे."